'फॅसिस्टविरोधी' म्हणजे नेमकं कोण?

एखादा माणूस 'मी समाजवादी आहे' म्हणाला, की त्याला काय हवंय याचा थोडाफार अंदाज येतो. 'मी फॅसिस्टविरोधी आहे' म्हणाला, की त्याला काय नकोय एवढंच कळतं. त्याला राजा हवा की प्रजासत्ताक, खासगी मालमत्ता हवी की नको, तो देव मानतो की नाही, यातलं काहीच त्या शब्दात नाही. 'विरोधी' हे शेपूट लागलेल्या सगळ्याच राजकीय शब्दांचं असं असतं. पण या एका शब्दाने शंभर वर्षांत जेवढे वेश बदलले, तेवढे फार थोड्या शब्दांनी बदलले असतील. तो पोलिसांच्या फायलीतला शेरा झाला, परक्या देशात जाऊन मरणाऱ्यांची ओळख झाला, एका भिंतीच्या सरकारी नावात जाऊन बसला, आणि आता 'अँटिफा' या तोकड्या रूपात बातम्यांमध्ये फिरतो आहे. म्हणून त्याची व्याख्या पाठ करण्यापेक्षा त्याची जन्मकथा ऐकणं जास्त उपयोगाचं आहे.

आधी मोळी

इटालियन भाषेत 'फाशो' म्हणजे मोळी, जुडी. प्राचीन रोममध्ये मोठ्या अधिकाऱ्यांच्या पुढे त्यांचे सेवक काठ्यांची मोळी घेऊन चालत. तिच्यात एक कुऱ्हाड खोचलेली असे. शिक्षा देण्याच्या अधिकाराची ती खूण. पण एकोणिसाव्या शतकातल्या इटलीत 'फाशो' हा शब्द त्याहून साध्या अर्थाने वापरात होता: एकत्र बांधलेली माणसं, म्हणजे संघ, गट. 1891 ते 1894 या काळात सिसिलीतल्या शेतकऱ्यांनी आणि मजुरांनी जमीनदारांविरुद्ध ज्या संघटना उभ्या केल्या, त्यांचं नावही 'फाशो'च होतं. सरकारने त्या लष्कर पाठवून मोडून काढल्या. म्हणजे पुढे ज्या शब्दाने कामगार चळवळीचा थरकाप उडवला, तो आधी त्या चळवळीचाच होता.

बेनितो मुसोलिनीही तिथूनच आला. तो समाजवादी पक्षाच्या मुखपत्राचा संपादक होता. पहिल्या महायुद्धात इटलीने उतरावं अशी भूमिका घेतल्यामुळे 1914 मध्ये त्याला पक्षातून काढलं. 23 मार्च 1919 रोजी मिलानमध्ये त्याने आपला 'फाशो' स्थापन केला आणि नोव्हेंबर 1921 मध्ये त्याचा रीतसर पक्ष झाला. राष्ट्र सर्वश्रेष्ठ, राष्ट्र म्हणजे राज्यसंस्था, राज्यसंस्था म्हणजे नेता. मतभेद म्हणजे फितुरी. आणि हिंसा ही नाइलाजाने करायची गोष्ट नसून पौरुषाची, शुद्धीकरणाची गोष्ट. हा त्या विचारसरणीचा गाभा. 'सगळं राज्याच्या आत, राज्याच्या बाहेर काही नाही, राज्याच्या विरुद्ध काही नाही' हे मुसोलिनीचं 1925 मधलं सूत्र तिच्याबद्दल पुष्कळ सांगून जातं.

मात्र ज्यांनी सर्वांत आधी फॅसिझमला विरोध केला, त्यांनी हे सूत्र ऐकलेलं नव्हतं. त्यांना दिसत होते ते काळे सदरे घातलेले, ट्रकमधून येणारे तरुण. 1920 च्या शेवटापासून पो नदीच्या खोऱ्यात या टोळ्या शेतमजुरांच्या संघटनांची कार्यालयं, सहकारी संस्था, वर्तमानपत्रांचे छापखाने जाळत सुटल्या. गावातल्या पुढाऱ्याला घराबाहेर ओढायचं, काठ्यांनी बडवायचं, बळजबरीने एरंडेल पाजायचं. जमीनदार पैसा पुरवत होते आणि पोलीस बऱ्याचदा दुसरीकडे बघत होते. फॅसिस्टविरोध इथे जन्मला, आणि तोही स्वसंरक्षण म्हणून. पुस्तकांत तो नंतर गेला.

पार्मा

1921 च्या उन्हाळ्यात रोममध्ये 'आर्दिती देल पोपोलो' नावाची संघटना उभी राहिली. महायुद्धातल्या धडक तुकड्यांमधून परतलेले सैनिक, अराज्यवादी, कम्युनिस्ट, समाजवादी, कुठल्याच पक्षाचे नसलेले कामगार असे सगळे तिच्यात होते. फॅसिझमविरुद्धची ही जगातली पहिली लढाऊ संघटना मानली जाते. तिचं पुढे काय झालं ते बघितलं, की या शब्दाची अर्धी शोकांतिका कळते. समाजवादी पक्षाने ऑगस्ट 1921 मध्ये फॅसिस्टांशी शांततेचा करार केला आणि या संघटनेशी आपला संबंध नाही असं जाहीर केलं. कम्युनिस्ट पक्षाने आपल्या सभासदांना तिच्यात जायला मनाई केली, कारण तिची सूत्रं पक्षाच्या हाती नव्हती. घर पेटलेलं असताना बादली कुणाची यावर वाद चालला होता.

तरीही ऑगस्ट 1922 मध्ये पार्मा शहरात जे घडलं ते विसरता येत नाही. फॅसिस्ट हिंसाचाराविरुद्ध देशभर संप पुकारला होता. तो मोडायला फॅसिस्ट नेता इतालो बाल्बो हजारो काळे सदरेवाले घेऊन शहरावर चालून आला. नदीपलीकडच्या ओल्त्रेतोर्रेन्ते या गरीब वस्तीने रस्त्यांचे दगड उपटले, चर उकरले, चर्चमधली बाकं आडवी टाकून अडथळे रचले. पुरुष, बायका, म्हातारी माणसं, सगळी त्यात होती. समाजवादी खासदार ग्विदो पिचेल्ली नेतृत्व करत होता. काही दिवसांच्या चकमकींनंतर बाल्बोला माघार घ्यावी लागली.

पण पार्मा एकच होतं. बाकी ठिकाणी संप कोसळला. तीनच महिन्यांनी, 28 ऑक्टोबर 1922 रोजी, फॅसिस्टांनी रोमकडे कूच केलं आणि राजाने मुसोलिनीला सरकार बनवायला बोलावलं.

शब्दाला अंग आलं

पहिली काही वर्षं अनेक उदारमतवाद्यांना वाटत होतं, की हा माणूस जरा शिस्त आणेल आणि मग निवळेल. तो समज मोडायला एक खून पडावा लागला. 30 मे 1924 रोजी समाजवादी खासदार जाकोमो मात्तेओत्ती याने संसदेत उभं राहून नुकत्याच झालेल्या निवडणुकीतली दहशत एकेक करून मांडली. 10 जूनला भर दिवसा रोममधून त्याला मोटारीत कोंबून पळवलं आणि ठार मारलं. प्रेत सापडलं 16 ऑगस्टला. विरोधी खासदार निषेध म्हणून सभागृहाबाहेर पडले. राजा आता तरी मुसोलिनीला काढेल, अशी त्यांची आशा होती. राजाने काही केलं नाही. 3 जानेवारी 1925 रोजी मुसोलिनीने संसदेत घडलेल्या सगळ्याची जबाबदारी स्वतःवर घेतली आणि उघड हुकूमशाहीकडे वळला.

याच वर्षी 'फॅसिस्टविरोधी' हा शब्द मारामारीच्या मैदानातून विचारांच्या मैदानात आला. तत्त्वज्ञ जोव्हान्नी जेन्तिले याने एप्रिलमध्ये फॅसिस्ट बुद्धिजीवींचा जाहीरनामा काढला. त्याला उत्तर म्हणून उदारमतवादी विरोधी नेता जोव्हान्नी आमेन्दोला याच्या आग्रहावरून तत्त्वज्ञ बेनेदेत्तो क्रोचे याने दुसरा जाहीरनामा लिहिला, तो 1 मे 1925 रोजी छापला गेला. आज तो 'फॅसिस्टविरोधी बुद्धिजीवींचा जाहीरनामा' म्हणूनच ओळखला जातो. क्रोचे उदारमतवादी, सनातनी वळणाचा, क्रांतीला बिचकणारा माणूस. मात्तेओत्तीच्या खुनानंतरही जून 1924 मध्ये त्याने सिनेटमध्ये मुसोलिनीच्या बाजूने मत दिलं होतं. त्याला शहाणपण उशिरा आलं, हे खरंच आहे. पण आल्यावर ते त्याने सहीनिशी मांडलं. आणि त्याच्या सहीमुळे हा शब्द केवळ डाव्यांचा राहिला नाही. बॅरिकेडवरचा कामगार आणि ग्रंथालयातला सिनेटर एका नावाखाली आले. दोघांना एकमेकांचं जग नको होतं, तरी दोघांना फॅसिस्टांचं जग त्याहून नको होतं.

आमेन्दोलाची आणखी एक देणगी आहे. 1923 मध्ये फॅसिस्टांच्या कारभारावर टीका करताना त्याने 'टोटॅलिटेरियन', म्हणजे सर्वंकष, हे विशेषण वापरलं. मुसोलिनीला ती शिवी इतकी आवडली, की 1925 मध्ये त्याने ती अभिमानाने स्वतःला लावून घेतली. पुढे शीतयुद्धात हाच शब्द सोव्हिएत संघावर रोखला गेला. स्वतः आमेन्दोलाला जुलै 1925 मध्ये फॅसिस्ट टोळीने अमानुष मारहाण केली. त्यातून तो सावरला नाही आणि एप्रिल 1926 मध्ये फ्रान्समध्ये वारला.

नोव्हेंबर 1926 मध्ये बाकीचे सगळे पक्ष बंद झाले. खास न्यायालय आलं, गुप्त पोलीस आले, विरोधकांना लिपारी, पोंझा, व्हेन्तोतेने अशा बेटांवर धाडणं सुरू झालं. पोलिसांकडे संशयितांची एक जुनी मध्यवर्ती नोंदवही होती. तिच्यात प्रत्येकाच्या नावापुढे त्याचा राजकीय रंग लिहिलेला असे: अराज्यवादी, समाजवादी, कम्युनिस्ट. आता त्या रकान्यात 'फॅसिस्टविरोधी' हाही शेरा पडू लागला. ज्याचा पक्ष सांगता येत नाही, पण जो आपला नाही, असा माणूस. मला हा तपशील फार बोलका वाटतो. 'विरोधी' ही ओळख नेहमी विरोध करणाराच निवडतो असं नाही. पुष्कळदा सत्ता ती त्याच्या कपाळावर लिहिते.

मग विरोधी कोण, हे ठरवणं किती अवघड आहे ते 1931 मध्ये दिसलं. विद्यापीठातल्या प्राध्यापकांना राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यायला लावली. सुमारे 1200 पैकी जेमतेम बाराएक जणांनी नकार दिला आणि नोकरी गमावली. शपथ घेणारे सगळे फॅसिस्ट होते का? लॅटिनचा मोठा अभ्यासक कोन्चेत्तो मार्केझी कम्युनिस्ट होता. वर्गखोली सोडू नका, या पक्षाच्या सल्ल्यावरून त्याने शपथ घेतली. 1943 मध्ये, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, पादुआ विद्यापीठाचा कुलगुरू म्हणून याच मार्केझीने विद्यार्थ्यांना शस्त्र हाती घेण्याचं आवाहन केलं. नकार देणाऱ्या बाराजणांपुढे मी नतमस्तक आहे. मार्केझीला दुसऱ्या यादीत टाकायला मात्र माझा हात धजत नाही.

जर्मनी: शत्रू कोण, यावर घोळ

आज अँटिफाचं जे दोन झेंड्यांचं वर्तुळाकार चिन्ह दिसतं, ते जर्मनीतलं. जर्मन कम्युनिस्ट पक्षाने 1932 मध्ये 'अँटिफाशिस्टिशे आक्त्सिओन' म्हणजे 'फॅसिस्टविरोधी कृती' ही आघाडी जाहीर केली. 'अँटिफा' हे त्याचंच लघुरूप. मूळ चिन्हात दोन्ही झेंडे लाल होते.

एवढं ऐकलं की वाटतं, हिटलरविरुद्ध सगळे एकवटले असतील. तसं झालं नाही. 1928 पासून कम्युनिस्ट आंतरराष्ट्रीयची, म्हणजे मॉस्कोतून चालणाऱ्या जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांच्या संघटनेची, भूमिका अशी होती, की सोशल डेमोक्रॅट हेही एक प्रकारचे फॅसिस्टच, 'सोशल फॅसिस्ट'. या भांडणाला रक्ताचा इतिहास होता: 1 मे 1929 रोजी बर्लिनमध्ये सोशल डेमोक्रॅट पोलीसप्रमुखाच्या कारकिर्दीत पोलिसांनी निदर्शकांवर गोळीबार केला आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत तीसहून अधिक माणसं मेली. राग खरा होता, पण त्यातून काढलेला निष्कर्ष जीवघेणा ठरला. 1931 मध्ये प्रशियातलं सोशल डेमोक्रॅट सरकार पाडण्यासाठीच्या सार्वमतात कम्युनिस्टांनी नाझींच्या बरोबरीने प्रचार केला. दुसरीकडे सोशल डेमोक्रॅटांची स्वतःची 'लोखंडी आघाडी' होती, तीन बाणांचं चिन्ह मिरवणारी, आणि तिच्या एका गाजलेल्या भित्तिपत्रकात ते बाण राजेशाही, नाझी आणि कम्युनिस्ट अशा तिघांवर रोखलेले होते.

नोव्हेंबर 1932 च्या निवडणुकीचे आकडे बघा. नाझी 33.1 टक्के. सोशल डेमोक्रॅट 20.4 आणि कम्युनिस्ट 16.9, म्हणजे दोघांचे मिळून 37.3. नुसत्या बेरजेने सरकार अडवता आलं असतं असं नाही, कारण सत्ता राष्ट्राध्यक्षाच्या मर्जीवर चालली होती. पण त्या दोन पक्षांना बेरीज करायचीच नव्हती. 30 जानेवारी 1933 रोजी हिटलर चॅन्सेलर झाला, आणि थोड्याच दिवसांत दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते एकाच छळछावणीत होते.

'फॅसिस्ट' हा शब्द ज्याच्यावर राग आहे त्या प्रत्येकाला लावला, की खरा फॅसिस्ट समोर आल्यावर त्याच्यासाठी वेगळा शब्द उरत नाही. जर्मनीत नेमकं हेच झालं.

1935 मध्ये कम्युनिस्ट आंतरराष्ट्रीयच्या मॉस्कोतल्या सातव्या अधिवेशनात तिचा नेता गेओर्गी दिमित्रोव्हने धोरण बदललं: आता समाजवादी, उदारमतवादी, सगळ्यांबरोबर व्यापक जनआघाडी. फ्रान्समध्ये 1936 मध्ये अशा आघाडीचं सरकार आलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडनच्या केबल स्ट्रीटवर ज्यू, आयरिश आणि स्थानिक कामगारांनी ब्रिटिश फॅसिस्टांचा मोर्चा अडवला. आणि स्पेनमध्ये जनरल फ्रँको आणि त्याच्या साथीदारांच्या लष्करी बंडातून यादवी युद्ध पेटलं.

स्पेन हा या शब्दाचा सर्वांत तेजस्वी काळ, आणि सर्वांत वेदनेचाही. लोकनियुक्त प्रजासत्ताकाच्या बाजूने लढायला पन्नासहून अधिक देशांतून सुमारे 35,000 स्वयंसेवक आले. इटलीतून परागंदा झालेला कार्लो रोस्सेल्ली बार्सिलोनाच्या रेडिओवरून म्हणाला, 'आज स्पेनमध्ये, उद्या इटलीत.' मार्च 1937 मध्ये ग्वादालाहाराच्या लढाईत मुसोलिनीने पाठवलेल्या सैन्यासमोर इटालियन स्वयंसेवकच उभे ठाकले. जवाहरलाल नेहरूंनी 1936 मध्ये रोममार्गे परतताना मुसोलिनीची भेट नाकारली होती. 1938 मध्ये ते बार्सिलोनाला जाऊन प्रजासत्ताकाच्या सैनिकांना भेटले. पार्माचा पिचेल्ली जानेवारी 1937 मध्ये स्पेनच्या आघाडीवर पडला. रोस्सेल्ली आणि त्याचा भाऊ यांचा त्याच वर्षी जूनमध्ये फ्रान्समध्ये मारेकऱ्यांकडून खून करवला गेला. आणि मे 1937 मध्ये बार्सिलोनाच्या रस्त्यांवर फॅसिस्टविरोधी फॅसिस्टविरोध्यांवर गोळ्या झाडत होते: एका बाजूला अराज्यवादी आणि स्टालिनविरोधी मार्क्सवादी, दुसऱ्या बाजूला कम्युनिस्ट आणि सरकारी पोलीस.

23 ऑगस्ट 1939 रोजी स्टालिन आणि हिटलर यांचा करार झाला. मॉस्कोच्या प्रचारातून 'फॅसिस्टविरोध' जवळपास रातोरात नाहीसा झाला. जून 1941 मध्ये हिटलरने सोव्हिएत संघावर हल्ला केला, तेव्हा तो परत आला. मधली दोन वर्षं ज्यांनी हा शब्द सोडला नाही, ते मला त्याचे खरे वारस वाटतात.

भिंत आणि झेंडा

युद्धानंतर शब्दाचे दोन तुकडे झाले. पूर्व जर्मनीने त्याला राज्याचा पाया बनवला. नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेली माणसं तिथे खरोखरच सत्तेत होती, त्यामुळे त्या दाव्यात सगळंच खोटं नव्हतं. पण 13 ऑगस्ट 1961 पासून बर्लिनमध्ये जी भिंत उभी राहिली, तिला सरकारी भाषेत 'फॅसिस्टविरोधी संरक्षक तट' असं नाव दिलं गेलं. त्या तटापाशी किमान 140 माणसं मेली, त्यांतली बहुसंख्य पूर्वेकडून पश्चिमेकडे निसटू पाहणारी. ज्या शब्दासाठी पार्माच्या बायकांनी रस्त्यातले दगड उपटले होते, तो शब्द स्वतःच्याच नागरिकांना कोंडायला वापरला गेला. मला या शब्दाबद्दल आपुलकी आहे, म्हणूनच हे वाचताना संताप येतो.

पश्चिम जर्मनीत 1980 च्या दशकात नव-नाझींना रस्त्यावर अडवणाऱ्या तरुणांच्या गटांनी जुनं चिन्ह उचललं आणि एक झेंडा लाल, एक काळा केला, काळा अराज्यवाद्यांचा. तिथून 'अँटिफा' ब्रिटन, अमेरिका असं पसरत गेलं. अमेरिकेत सर्वसामान्यांच्या कानावर तो शब्द पडला मुख्यतः 2017 मध्ये शार्लट्सव्हिल शहरात कट्टर उजव्यांच्या मेळाव्यावेळी झालेल्या हिंसाचारानंतर. हा एक पक्ष नाही, त्याला अध्यक्ष नाही, सभासदांची यादी नाही. ठिकठिकाणचे सुटे गट आहेत. काही कट्टर उजव्या संघटनांची माहिती गोळा करून प्रसिद्ध करतात, काही शांतपणे निदर्शनं करतात, काही तोंडं झाकून मारामारी आणि तोडफोडही करतात. 22 सप्टेंबर 2025 रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी आदेश काढून अँटिफाला देशांतर्गत दहशतवादी संघटना ठरवलं, तेव्हा पहिला प्रश्न हाच निघाला, की ज्याला सभासद नाहीत त्याचा सभासद कोणाला म्हणायचं? पोलिसांच्या नोंदवहीतला तो जुना रकाना इथे आठवतो.

एक साधी गोष्ट मात्र वेगळी ठेवायला हवी. अँटिफा हा फॅसिस्टविरोधाचा एक छोटा, रस्त्यावरचा तुकडा आहे. सगळा फॅसिस्टविरोध म्हणजे अँटिफा नाही. क्रोचेला कुणी अँटिफा म्हटलं असतं तर त्याला ते समजलंही नसतं.

इटलीत हा शब्द कुठे पोचला, ते सांगून थांबतो. सप्टेंबर 1943 मध्ये राष्ट्रीय मुक्ती समिती स्थापन झाली, तेव्हा कम्युनिस्ट, समाजवादी, ख्रिस्ती लोकशाहीवादी, उदारमतवादी असे सगळे तिच्यात आले. 1921 मध्ये जे जमलं नव्हतं ते बावीस वर्षांनी, तेही देश उद्ध्वस्त झाल्यावर, जमलं. 1946 मध्ये निवडलेल्या घटना समितीने 453 विरुद्ध 62 मतांनी नवी राज्यघटना मंजूर केली. 'फॅसिस्टविरोधी' हा शब्द तिच्यात एकदाही येत नाही. विसर्जित फॅसिस्ट पक्ष कुठल्याही रूपात पुन्हा उभा करायला मनाई करणारं एक कलम शेवटी आहे, एवढंच. पण 27 डिसेंबर 1947 रोजी तिच्यावर झालेल्या सह्या बघा. हंगामी राष्ट्रप्रमुख एन्रिको दे निकोला, जुन्या वळणाचा उदारमतवादी. पंतप्रधान आल्चिदे दे गास्पेरी, श्रद्धाळू कॅथलिक, फॅसिस्टांच्या तुरुंगातून सुटल्यावर व्हॅटिकनच्या ग्रंथालयात काम करून दिवस काढलेला. आणि घटना समितीचा अध्यक्ष उंबेर्तो तेर्राचिनी, कम्युनिस्ट, 1926 मध्ये पकडला गेलेला, खास न्यायालयाने जवळपास तेवीस वर्षांची शिक्षा दिलेला. स्टालिन-हिटलर करार मान्य नाही असं त्याने व्हेन्तोतेने बेटावरच्या बंदिवासात सांगितलं, तेव्हा त्याच्या स्वतःच्या कम्युनिस्ट साथीदारांनीही त्याला पक्षातून काढून टाकलं होतं.